भितिहरव्याची शाळा: गवताची जळाली, मग बेळगावच्या वकिलाने विटांची उभी केली

बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेकडे, भितिहरवा नावाचं एक खेडं आहे. गौनाहा हा त्याचा तालुका. तिकडे तालुक्याला प्रखंड म्हणतात. चहूकडे भात आणि ऊस, जवळचं मोठं गाव नरकटियागंज, तिथे साखर कारखाना. आपल्याकडच्या माणसाला तो मुलूख फार परका वाटणार नाही. या गावात २० नोव्हेंबर १९१७ रोजी महात्मा गांधींनी एक प्राथमिक शाळा काढली. ती जागा आजही जपून ठेवलेली आहे. लोक तिला भितिहरवा आश्रम म्हणतात, पण मुळात ती खेड्यातल्या पोरांची शाळा होती.

मराठी माणसाने ही शाळा माहीत करून घ्यावी याला एक सरळ कारण आहे. तिची पहिली गवताची झोपडी जळाली, तेव्हा विटांची इमारत उभी करणारा माणूस होता बेळगावचा वकील, सदाशिव लक्ष्मण सोमण. त्यांना बाबासाहेब सोमण म्हणत. त्यांच्याबरोबर बेळगावकडचेच पुंडलिक कातगडे. दुसऱ्या गावातल्या शाळेवर मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले, आणखी एका ठिकाणी पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन. चंपारणचा सत्याग्रह पाठ्यपुस्तकात चार ओळींत येतो. त्यात ही नावं सापडत नाहीत.

वीस कठ्ठ्यातले तीन

शाळा का निघाली ते कळायला आधी नीळ समजून घ्यावी लागते.

त्या काळी चंपारणातल्या फार मोठ्या जमिनीचा मालक बेतिया संस्थान. संस्थानाने गावंच्या गावं गोऱ्या निळवाल्यांना ठेक्याने दिली होती. त्यांच्या कारखान्याला आणि बंगल्याला मिळून 'कोठी' म्हणत. कोठीच्या हद्दीतल्या प्रत्येक कुळावर 'तीनकठिया' लागू. तिकडे २० कठ्ठ्यांचा एक बिघा. त्यातल्या ३ कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, अशी सक्ती. आपल्या हिशोबात सांगायचं तर एकरातले ६ गुंठे.

सहा गुंठे म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ते सहा गुंठे कोणते, हे कोठीचा माणूस ठरवायचा. त्यामुळे रानातला चांगल्यात चांगला तुकडा निळीला जायचा. नांगरट, पेरणी, खुरपणी, कापणी कुळाची. भाव कोठीचा. घरचं भात उभं असलं तरी निळीचं काम आधी. शेती करणाऱ्याला यातलं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. पीक आपलं, पण वेळ आणि वाफसा दुसऱ्याच्या हुकमाचा.

नीळ म्हणजे झुडूप. कापून आणायचं, पाण्याच्या हौदात आंबवायचं, ते पाणी घुसळायचं, खाली बसलेला गाळ उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या. या वड्या जहाजाने परदेशी जात. १८९७ साली जर्मनीत कारखान्यात बनवलेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातल्या निळीचा भाव पडायला लागला. आता कुळं सुटतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटंच. तोटा निळवाल्यांनी कुळांच्या अंगावर टाकला. 'नीळ लावायची नसेल तर खंड कायमचा वाढवून द्या,' याला नाव होतं शरहबेशी. किंवा 'एकदाच रोख रक्कम भरा,' याला तावान. म्हणजे जे पीक निळवाल्यांनाच नको झालं होतं, त्यातून सुटण्याचेही पैसे कुळानेच भरायचे. पुढे पहिलं महायुद्ध लागलं, जर्मन माल बंद झाला, आणि निळीची सक्ती पुन्हा जोरात आली.

याशिवाय वरचे कर. त्यांची यादी राजेंद्र प्रसाद यांनी चंपारणावरच्या आपल्या पुस्तकात दिली आहे. साहेबाला घोडा घ्यायचा तर त्याची वर्गणी, हत्ती घ्यायचा तर त्याची, मोटार घ्यायची तर तिचीही. बाप मेला आणि मुलाच्या नावावर जमीन लावायची, तर तिथेही कोठीला पैसे. या करांना 'अबवाब' म्हणत. पावती मिळाली तर मिळाली.

शुक्लांची पायपीट

याच भागातल्या मुरली भरहवा गावचे राजकुमार शुक्ल हे स्वतः शेतकरी. बेलवा कोठीचा मॅनेजर एमन याच्याशी त्यांचा उभा दावा. १९१६ च्या डिसेंबरात लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात ते गांधीजींना भेटले आणि चंपारणला चला म्हणाले. गांधीजींना तोवर चंपारण कुठे आहे हेही नीट माहीत नव्हतं, नीळ कशी होते हे तर नाहीच. ते त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. शुक्लांनी पाठ सोडली नाही. कानपूरला गाठलं, अहमदाबादच्या आश्रमात गाठलं, शेवटी कलकत्त्याहून बरोबर घेऊनच निघाले.

१५ एप्रिल १९१७ ला गांधीजी मोतिहारीत पोहोचले. जिल्हा सोडा अशी नोटीस आली, ती त्यांनी मोडली. १८ तारखेला कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि सरकारने खटलाच मागे घेतला. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. त्यानंतर राजेंद्र प्रसाद, ब्रजकिशोर प्रसाद, आचार्य कृपलानी अशी मंडळी गावोगावच्या कुळांचे जबाब लिहून घेत बसली. हजारो जबाब झाले. जूनमध्ये सरकारने फ्रँक स्लाय यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधीजीही सभासद. तावानाची २५ टक्के रक्कम परत करायचं ठरलं. १९१८ च्या कायद्याने तीनकठिया कायमची गेली. शंभर टक्क्यांऐवजी पंचवीसच का घेतले, असं तेव्हाही विचारलं गेलं. निळवाल्याला कुळाच्या हातात पैसे ठेवावे लागले, हीच गांधीजींच्या लेखी मोठी गोष्ट होती.

कायदा झाला, पण माणूस?

जबाब घेत फिरताना एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती. कुळाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, पावतीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, अंगठा कशावर उठवतोय ते कळत नाही. अशा माणसाला कायद्याने सोडवलं, तरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुसऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेणारच. गावं घाण, विहिरीभोवती चिखल, खरूज आणि ताप घरोघर. लहान पोरं दिवसभर कोठीच्या निळीच्या रानात दोन-चार पैशांवर राबणार.

म्हणून शाळा. गांधीजींचा बेत सुरुवातीला सहा गावांत शाळा काढायचा होता. त्यातल्या तीन नावाजल्या. पहिली बडहरवा लखनसेन इथे, १३ नोव्हेंबर १९१७. दुसरी भितिहरवा, २० नोव्हेंबर. तिसरी मधुबन, १७ जानेवारी १९१८.

भितिहरव्यात जागा दिली ती तिथल्या मठाचे बाबा रामनारायण दास यांनी. आज शाळेला जागा देणं म्हणजे कोनशिलेवर नाव लागतं. तेव्हा निळवाल्याच्या कोठीच्या सावलीत गांधीच्या शाळेला जागा द्यायची, तर उद्या काय होईल याची खात्री नव्हती. त्या जागेवर बांबू आणि गवताची झोपडी उभी राहिली.

गावाशी अट साधी होती. मास्तरांच्या राहण्या-जेवणाची सोय गावाने करायची, बाकीचा खर्च गांधीजी बघतील. लोकांकडे रोख पैसा नव्हता, पण धान्य होतं. ते द्यायला लोक आधीच तयार होते. बाहेरचा पैसाही चंपारणच्या शेतकऱ्याकडून घ्यायचा नाही, असं ठरलेलं. तो बिहारमधल्या ऐपतदार लोकांकडून आणि कमी पडला तर रंगूनचे डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याकडून.

मास्तर आले कुठून

खरी अडचण मास्तरांची. तुटपुंज्या पगारावर कोणीही मास्तर ठेवायचा, हे गांधीजींना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, शिक्षण थोडं कमी असलं तरी चालेल, माणूस चारित्र्याचा पाहिजे. त्यांनी बिनपगारी स्वयंसेवक मागवले, तेव्हा बेळगावच्या गंगाधरराव देशपांडे यांनी सोमण आणि पुंडलिक यांना पाठवलं. गंगाधरराव म्हणजे टिळकांच्या पठडीतले कर्नाटकातले मोठे पुढारी. १९१६ साली बेळगावला प्रांतिक परिषद झाली, तिला गांधीजी आले होते, आणि पुढे १९२४ ची बेळगाव काँग्रेस तर गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली झाली. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं.

मुंबईहून बबनराव आणि अवंतिकाबाई गोखले हे जोडपं आलं. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. साबरमतीच्या आश्रमातून छोटालाल, सुरेंद्रनाथ आणि गांधीजींचा मुलगा देवदास. गुजरातचे महादेवभाई देसाई, नरहरी परीख आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबेन, मणिबेन याच सुमारास या कामात ओढले गेले. आणि कस्तुरबा.

यात एक गंमत होती. मराठी-गुजराती माणसं, शिकवायचं भोजपुरी बोलणाऱ्या पोरांना. कस्तुरबांचं शिक्षण तर गुजरातीही जेमतेम. गांधीजींचं उत्तर असं होतं की व्याकरण शिकवायला कोणी बोलावलेलंच नाही. पोरांना स्वच्छता आणि नीट वागणं शिकवा. अक्षर ओळखीपुरता मराठी, गुजराती, हिंदीत एवढा मोठा फरक नाही, आणि पहिल्या वर्गात शिकवायचं असतंच काय, मुळाक्षरं आणि अंक. झालंही तसंच. बडहरव्याची अवंतिकाबाईंची शाळा नमुना म्हणून दाखवण्यासारखी झाली. या बायांमुळेच घरातल्या बायकांपर्यंत जाता आलं, नाहीतर त्या परक्या पुरुषासमोर बोलणार नव्हत्या.

अवंतिकाबाईंनी पुढे १९१८ मध्ये गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. मुंबईत त्यांनी हिंद महिला समाजही काढला. चंपारणातले ते महिने त्याच्या आधीचे.

काय शिकवायचे

शाळा उघडण्याच्या सुमारास गांधीजींनी जिल्ह्याचे कलेक्टर मेरीमन यांना पत्र लिहून शाळांचा बेत कळवला. ते पत्र आजच्या मास्तरांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीवाल्यांनी वाचावं असं आहे. फक्त १२ वर्षांखालची मुलं घ्यायची. हिंदी किंवा उर्दू चांगली यावी, त्याच भाषेतून गणित, थोडा इतिहास-भूगोल, विज्ञानाच्या सोप्या गोष्टी, आणि काहीतरी हातचं काम. ठरीव अभ्यासक्रम नाही, कारण वाट नवी आहे. चालू शिक्षणपद्धतीने पोरांची वाढ खुंटते, असं मत त्यांनी कलेक्टरला लिहून कळवलं.

आणि शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. शाळा शिकून पोराने शेती सोडावी असा हेतू नाही, शाळेतलं ज्ञान वापरून शेती आणि शेतकऱ्याचं जगणं सुधारावं, असं त्या पत्रात आहे. शंभर वर्षांपूर्वीचं हे म्हणणं. आपल्याकडे अजूनही पोरगं शिकलं म्हणजे रानातून सुटलं, असंच धरतात. बरोबर कोणाचं, ते ज्याने त्याने आपल्या सात-बाऱ्याकडे बघून ठरवावं.

शाळेबरोबर दवाखाना. भारत सेवक समाजाचे डॉ. हरी श्रीकृष्ण देव हे सहा महिन्यांसाठी आले होते. हेही मराठीच. औषधं तीनच. जिभेवर बुरशी, पोट साफ नाही, तर एरंडेल. ताप आला तर आधी एरंडेल आणि मग क्विनाईन. गळू, खरूज यांना अंग स्वच्छ धुऊन गंधकाचं मलम. औषध घरी न्यायला द्यायचं नाही, तिथेच घ्यायचं. तीन औषधांवर एक शिकलेला डॉक्टर गावोगाव चालला होता, कारण आजारही बहुतेक त्याच तीन जातीचे होते.

डॉ. देव आणि स्वयंसेवकांनी औषधाइतकंच झाडूलाही महत्त्व दिलं. रस्ते झाडले, अंगणं झाडली, विहिरी उपसून साफ केल्या, आजूबाजूची डबकी बुजवली. काही गावांत लोक लाजून कामाला लागले. काही गावांना एवढा हुरूप आला की गांधीजींची मोटार यावी म्हणून त्यांनी आपणहून रस्ता केला. काही ठिकाणी मात्र लोकांनी नकोच म्हटलं, हेही गांधीजींनी लपवलेलं नाही.

स्वयंसेवकांना एक गोष्ट बजावलेली होती. निळवाल्यांच्या तक्रारीत पडायचं नाही, राजकारण बोलायचं नाही, आपली हद्द सोडून जायचं नाही. तक्रार घेऊन कोणी आलं तर गांधीजींकडे पाठवायचं. त्यामुळे मास्तर चळवळ करतात असं म्हणायला सरकारला जागा राहिली नाही.

एकच लुगडं

भितिहरव्याजवळच्या एका छोट्या वस्तीत गांधीजी गेले असताना काही बायकांची कपडे फार मळलेली दिसली. त्यांनी कस्तुरबांना सांगितलं, जरा विचार, या धूत का नाहीत. कस्तुरबा बोलल्या. त्यातली एक बाई त्यांना आपल्या झोपडीत घेऊन गेली आणि म्हणाली, बघा, इथे पेटी नाही, कपाट नाही, दुसरं वस्त्र नाही. अंगावर आहे तेवढं एकच. ते धुवायचं कधी आणि तोवर नेसायचं काय? महात्माजींना सांगा एक लुगडं द्यायला, मग रोज अंघोळ करून स्वच्छ नेसेन.

स्वच्छतेचा धडा द्यायला गेलेल्यांनाच त्या झोपडीत धडा मिळाला. भितिहरव्यासंबंधी जे जे लिहिलं जातं त्यात ही हकिकत असतेच, आणि ती असायलाच हवी.

कस्तुरबा भितिहरव्यात राहिल्या, बायाबापड्यांत फिरल्या, औषधं दिली. निळवाल्यांना तेही सहन झालं नाही. मोतिहारी कोठीचा आयर्विन हा वर्तमानपत्रांत सतत गांधीजींविरुद्ध लिहीत असे. त्याने कस्तुरबांनाही त्यात ओढलं. गांधीजींनी त्याला वर्तमानपत्रातूनच उत्तर दिलं. त्या वेळी कस्तुरबा साठीच्या जवळ नव्हत्या, जेमतेम अठ्ठेचाळीसच्या होत्या, पण सगळे त्यांना बाच म्हणत.

आग

आणि एके दिवशी शाळा जळाली. बांबू-गवताची झोपडी, पेटायला किती वेळ लागणार. आग कोणी लावली हे सिद्ध झालं नाही. शेजारच्या निळवाल्यांच्या माणसांचा हात असावा, असा संशय गांधीजींनी लिहून ठेवला आहे, नाव कोणाचं घेतलं नाही.

शाळा तेव्हा सोमण आणि कस्तुरबांच्या ताब्यात होती. पुन्हा गवताचीच झोपडी उभी करावी तर पुन्हा काडी लागणार. सोमणांनी ठरवलं, आता पक्की बांधायची. वकील माणूस, हाताला कागद-दौतीची सवय. पण ते स्वतः कामाला लागले आणि त्यांना बघून गावातले लोक हात लावायला आले. थोड्याच दिवसांत विटांची शाळा उभी राहिली. ती जळण्याची भीती उरली नाही.

ही एवढीच हकिकत गांधीजींच्या आत्मचरित्रात काही ओळींत आहे. पण त्या ओळींच्या पाठीमागे काय असेल ते खेड्यातल्या माणसाला दिसतं. निळवाल्याच्या कोठीची माणसं बघत असताना गांधीच्या शाळेच्या भिंतीवर वीट ठेवायची, म्हणजे आपण कोणाच्या बाजूला आहोत ते उघड करणं. काही महिन्यांपूर्वी हीच माणसं कोठीच्या शिपायाला बघून रस्ता सोडत होती. जबाब देण्यापेक्षाही हे अवघड. जबाब गर्दीत देता येतो, भिंत दिवसाउजेडी सगळ्यांसमोर बांधावी लागते.

पुढे काय झालं

गांधीजींना हे काम काही वर्षं चालवायचं होतं. पण १९१८ च्या सुरुवातीला अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा आणि खेड्याच्या शेतकऱ्यांचा प्रश्न आला आणि ते तिकडे गेले. आलेले स्वयंसेवक ठरावीक मुदतीचे, ते परत गेले. नवे बाहेरून मिळाले नाहीत, बिहारमधून बिनपगारी कायमचे मिळाले नाहीत. याची खंत गांधीजींनी मोकळेपणाने लिहिली आहे. तिन्ही शाळांत भितिहरव्याचं नाव जास्त टिकलं, त्याचं मोठं श्रेय स्थानिक लोकांना आणि सोमणांच्या मागे तिथे राहिलेल्या पुंडलिकजींसारख्या माणसांना आहे.

चंपारणच्या लोकांनी शाळेचा विचार मात्र टाकला नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला 'नई तालीम'ची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, कल्पना मांडली. त्यानंतर चंपारणातच बेतियाजवळ वृंदावन इथे अशा बुनियादी शाळेचं काम सुरू झालं. १९३९ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. वर्ध्याच्या कल्पनेचं बी भितिहरव्याच्या पत्रात आधीच होतं, असं म्हणायला हरकत नाही. शिक्षण घेऊन शेतीकडेच परत यायचं, हातचं काम शिकायचं, हे दोन्हीकडे एकच आहे.

आज काय दिसतं

आज भितिहरव्याला गेलं तर आवारात एक बैठी, कौलारू छपराची वास्तू जपलेली दिसते. अगदी साधी. आपल्याकडच्या जुन्या लोकल बोर्डाच्या शाळेपेक्षाही लहान. त्या काळातली शाळेची घंटा, एक मेज, कस्तुरबांचं म्हणून दाखवतात ते दळायचं जातं, आणि विहीर. शेजारी राज्य सरकारचं गांधी स्मारक संग्रहालय. २०१७ साली चंपारण सत्याग्रहाला शंभर वर्षं झाली, तेव्हा बिहार सरकारने मोठे कार्यक्रम केले, त्या वेळी या जागेचं नाव पुन्हा सगळीकडे झालं. पुढारीही पदयात्रेचा नारळ फोडायला इथे येतात. प्रशांत किशोर यांनी २ ऑक्टोबर २०२२ ला आपली पदयात्रा इथूनच सुरू केली.

मोठी वास्तू बघायची म्हणून जाणारा इथे निराश होईल. पाच मिनिटांत बघून होतं. चंपारणातल्या निळवाल्यांच्या कोठ्या याच्या कितीतरी पटीने मोठ्या होत्या, हौद, गोदामं, बंगले. त्या जपायला कोणी गेलं नाही. लोकांनी जपलं ते एवढंसं घर.

आपल्याकडेही शंभरी गाठलेल्या जिल्हा परिषद शाळा गावोगाव आहेत. धोकादायक ठरल्या की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो आणि चार दिवसांत जेसीबी येतो. काही वेळा ते खरंच गरजेचं असतं, पोरांच्या डोक्यावर पडकं छप्पर ठेवून वारसा जपता येत नाही. पण इमारत पाडण्याआधी जुनं जनरल रजिस्टर, घंटा, कोनशिला, पहिल्या मास्तरांचं नाव एवढं तरी बाजूला काढून ठेवायला पैसे लागत नाहीत. भितिहरव्याच्या संग्रहात तरी याहून वेगळं काय आहे? एक घंटा, एक मेज, एक जातं.

जायचं असेल तर

बेतिया हे जिल्ह्याचं ठिकाण, तिथून उत्तरेला नरकटियागंज. रेल्वेने नरकटियागंजपर्यंत जावं, पुढे गौनाह्याच्या रस्त्याने गाडी करावी. पावसाळ्यात नेपाळच्या डोंगरातून येणाऱ्या नद्या फुगतात, तेव्हा टाळलेलं बरं. डिसेंबर-जानेवारीत उत्तर बिहारात धुकं फार असतं, गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. दिवाळीनंतरचे दिवस चांगले, नोव्हेंबरात तर शाळेचा वाढदिवसच असतो.

एवढ्या लांब गेलंच आहे तर त्याच गौनाहा भागात रामपुरवा इथे सम्राट अशोकाच्या दोन स्तंभांची जागा आहे. तिथला प्रसिद्ध दगडी बैल आता दिल्लीला राष्ट्रपती भवनात आहे आणि सिंह कलकत्त्याच्या संग्रहालयात. नरकटियागंजपासून जवळ लौरिया नंदनगढ, तिथे अशोकाचा स्तंभ सिंहासकट अजून जागेवर उभा आहे. वाल्मिकी व्याघ्र प्रकल्पही याच जिल्ह्यात.

वाचायचं असेल तर गांधीजींच्या आत्मचरित्राचा पाचवा भाग काढावा. मराठीत मिळतो, तालुक्याच्या वाचनालयात हमखास असतो. नीळ, शुक्ल, अवंतिकाबाईंची शाळा, ते एकच लुगडं आणि सोमणांच्या विटा, सगळं त्यात लागोपाठच्या थोड्याच पानांत आहे.